पोट हाताला मऊ, दुखणं मात्र असह्य: ॲक्यूट इंटरमिटंट पोर्फिरिया कसा ओळखायचा

पंचविशी-तिशीतली बाई दोन-तीन दिवस पोट दुखतंय म्हणून इमर्जन्सीत येते. दुखणं असं की कुठल्याच कुशीवर पडवत नाही. सोनोग्राफीत काही नाही, सीटीत काही नाही, अमायलेझ ठीक, पोटावर हात ठेवला तर मऊ. पण नाडी १२०, रक्तदाब वाढलेला, सोडियम उतरलेलं आणि चार दिवसांत शौचाला झालेली नाही. अशा वेळी केस पेपरवर ‘गॅस्ट्रायटिस’ किंवा ‘मानसिक’ लिहिण्याआधी एक तपासणी सांगायलाच हवी: लघवीतलं पोर्फोबिलिनोजेन, म्हणजे पीबीजी. शरीरात हीम तयार होताना मधल्या पायरीवर बनणारं हे द्रव्य.

ॲक्यूट इंटरमिटंट पोर्फिरिया हा जनुकातल्या दोषाने येणारा, हीम तयार होण्यातल्या बिघाडाचा आजार विरळा आहे. युरोपातल्या पाहणीत लक्षणं असलेले रुग्ण दहा लाखांत पाच-सहा एवढेच सापडले. पण जे आहेत त्यांचं निदान फार उशिरा होतं. अमेरिकेतल्या एका अभ्यासात पहिल्या लक्षणापासून निदानापर्यंत सरासरी १५ वर्षं गेली होती. या वर्षांत कुणाचं अपेंडिक्स निघतं, कुणाचं पित्ताशय, कुणाला वर्षानुवर्षं मनोविकाराच्या गोळ्या. निदानाला लागणारी तपासणी अवघड नाही आणि तिला फार लघवीही लागत नाही. ती वेळेवर सांगितली जात नाही, एवढंच. म्हणून हे लिखाण फॅमिली डॉक्टरांसाठी, रात्रपाळीच्या निवासी डॉक्टरांसाठी आणि घरात असं दुखणं पुन्हा पुन्हा येत असेल त्या घरांसाठीही आहे.

संशय कधी घ्यायचा

दुखणं काही तासांत चढत जातं आणि मग दिवसचे दिवस टिकतं. मुतखड्यासारखी कळ येऊन ओसरत नाही, सलग ठणकत राहतं. बहुतेकांत पोटात, पण पाठ, कंबर, मांड्या यांतही. सोबत मळमळ, उलट्या आणि बद्धकोष्ठ. जुलाब क्वचित. ताप नसतो किंवा अगदी किरकोळ असतो, पांढऱ्या पेशीही फारशा वाढत नाहीत. पोट मऊ का, याला कारण आहे: इथे आतड्याला किंवा पोटाच्या अस्तराला सूज नाही, त्रास मज्जातंतूंना आहे. आतड्याची हालचाल सांभाळणारे आणि हृदयाची गती ठरवणारे तंतू एकदमच बिघडतात, म्हणून बद्धकोष्ठ आणि धडधड जोडीने येतात. नाडी १०० च्या वर आणि पोट मऊ, ही जोडी ध्यानात ठेवावी.

मन बिघडणं हाही याच झटक्याचा भाग. झोप उडते, अस्वस्थपणा येतो, कुणी भलतंच बोलतं, कुणाला नसलेलं दिसतं. नातेवाईक सांगतात, ‘ती अशी कधीच नव्हती.’ हे वाक्य ऐकलं की त्या क्षणी सोडियम बघावं. ते १२० च्या खाली गेलं असेल तर फिट येऊ शकते, आणि फिटसाठी हाताशी असलेलं फेनिटॉइन दिलं की झटका आणखी भडकतो.

उशीर झाला तर अशक्तपणा येतो. तो बहुधा खांद्यांपासून, दंडांपासून सुरू होतो. हात वर करून केस विंचरता येत नाहीत, डोक्यावरून कुर्ता काढता येत नाही, मग मांडी घालून बसलेलं उठवत नाही, मनगट लुळं पडतं. पुढची पायरी श्वासाच्या स्नायूंची. म्हणून दर काही तासांनी रुग्णाला एका श्वासात आकडे मोजायला सांगावे. सकाळी तीसपर्यंत जाणारी व्यक्ती संध्याकाळी पंधरावर थांबली तर वॉर्डात ठेवू नये, आयसीयूत हलवावं.

आता लघवीचा रंग. पुस्तकात लालसर-काळी लघवी ठळकपणे लिहिलेली असते आणि तिथेच फसगत होते. पीबीजीला स्वतःचा रंग नाही. ताजी लघवी पिवळीच दिसू शकते. उजेडात काही तास राहिली की त्यातलं पीबीजी आपोआप पोर्फिरिनमध्ये आणि काळपट-तपकिरी रंगद्रव्यात बदलतं. कॅथेटरच्या पिशवीतली लघवी खिडकीकडच्या बाजूला गडद होत गेलेली दिसली तर तो मोलाचा इशारा आहे. पण रंग बदलला नाही म्हणून आजार नाही असं म्हणता येत नाही. उलट बीट खाल्ल्याने, टीबीच्या रिफाम्पिसिनने किंवा लघवीत रक्त असल्यानेही रंग बदलतो. रंगावरून संशय घ्यावा, निदान करू नये.

त्वचेवर फोड, उन्हाने चट्टे हे या प्रकारात होत नाहीत. तसं काही असेल तर दुसरा पोर्फिरिया डोळ्यासमोर ठेवावा.

झटका का येतो, आणि भाद्रपद का जपायचा

रक्तातल्या हिमोग्लोबिनचा आणि यकृतातल्या औषध पचवणाऱ्या एन्झाइम्सचा गाभा म्हणजे हीम. तो शरीरात आठ पायऱ्यांनी तयार होतो. या आजारात तिसऱ्या पायरीचं एन्झाइम जन्मतः निम्म्यावर असतं. एरवी निम्म्यातही भागतं. पण हीमची मागणी अचानक वाढली की यकृत पहिली पायरी जोरात चालवतं, तिसरीशी माल तुंबतो आणि त्याआधीची दोन द्रव्यं, एएलए (अमिनोलेव्हुलिनिक ॲसिड) आणि पीबीजी, रक्तात व लघवीत उसळतात. एएलए मज्जातंतूंना बाधतं असं मानलं जातं.

पहिल्या पायरीला चाप लावणाऱ्या गोष्टींत ग्लुकोज येतं, तिला चेतवणाऱ्यांत उपास, प्रोजेस्टेरॉन (पाळीच्या आधी वाढणारं संप्रेरक) आणि बरीच औषधं येतात. आजार तारुण्याआधी क्वचितच का दिसतो, रुग्णांत बायका जास्त का, आणि पाळीच्या आधीच्या आठवड्यात दुखणं का उठतं, याचं उत्तर यातच आहे.

इकडे इंदूरच्या मराठी घरांत उपास, प्रोजेस्टेरॉनची गोळी आणि दगदग अशी कारणं एका आठवड्यात एकत्र येऊ शकतात. हरतालिकेचा निर्जळी उपास, दुसऱ्या दिवशी गणपती, मागोमाग महालक्ष्म्या. सोवळ्यात अडचण नको म्हणून पाळी पुढे ढकलायची गोळी घेतली जाते. ती नॉरएथिस्टेरॉन, साधारण ५ मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, पाळीच्या तीन दिवस आधीपासून. ही प्रोजेस्टेरॉनच्या जातीचीच गोळी. त्यात जागरण आणि दगदग. ज्या बाईच्या जनुकात हा दोष आहे तिच्यासाठी हे फार वाईट. आणि ती इमर्जन्सीत आली तर गोळीचा उल्लेख बहुधा करतच नाही, कारण तिच्या लेखी ते औषध नसतं. म्हणून ‘काही औषध चालू आहे का?’ एवढ्यावर थांबू नये. ‘पाळी लांबवायची गोळी घेतली का? उपास कधी होता, आणि त्यात काय खाल्लं?’ असं थेट विचारावं. फक्त पाण्यावर काढलेले नवरात्राचे नऊ दिवस आणि साबुदाणा, रताळी, भगर खाऊन केलेले नऊ दिवस यांत या आजारापुरता मोठा फरक आहे, कारण दुसऱ्यात पिष्टमय पदार्थ पोटात जातात. लग्नाआधी वजन उतरवायला केलेलं कडक डाएटही निर्जळी उपासाच्याच खात्यात धरावं.

बाकीची कारणं थोडक्यात: दारू, सिगारेट, कुठलाही जंतुसंसर्ग, शस्त्रक्रिया. औषधांत फेनोबार्बिटोन, फेनिटॉइन, कार्बामाझेपिन, व्हॅल्प्रोएट, सल्फाची औषधं, रिफाम्पिसिन, ग्रिसिओफल्व्हिन आणि भूल देताना वापरलं जाणारं थायोपेंटोन ही ठळक नावं.

नमुना: वेळ आणि पद्धत

सगळ्यात महत्त्वाचा नियम: दुखणं चालू असताना लघवी घ्यावी, आणि हेमिनचं (शिरेतून दिलं जाणारं हीम, या आजाराचं मुख्य औषध) इंजेक्शन देण्याच्या आधी. हेमिनने पीबीजी भराभर उतरतं, मग रिपोर्ट पाहून काही कळत नाही. ‘आधी बरं वाटू दे, मग ओपीडीत तपासू’ हे इथे उलटं पडतं. मात्र नमुना एकदा घेऊन ठेवला की रिपोर्टची वाट पाहत उपचार अडवू नयेत.

चोवीस तासांची लघवी लागत नाही. ती गोळा करण्यात एक दिवस जातो, डबा उघडा राहतो, उन्हात राहतो. कुठल्याही वेळची एकदाची लघवी पुरते.

करायचं ते असं. साध्या, स्वच्छ डबीत २० मिलिलिटर लघवी घ्या. त्यात काहीही घालू नका, विशेषतः ॲसिड नको, त्याने पीबीजी नष्ट होतं. झाकण लावून डबी लगेच ॲल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळा. फॉइल नसेल तर काळा कागद किंवा एक्स-रेच्या फिल्मचं काळं पाकीट चालतं. घेतल्याची तारीख, वेळ आणि ‘उजेडात ठेवू नये’ असं फॉइलच्या बाहेरून लिहा. आत लिहिलेलं वाचायला कुणीतरी फॉइल सोडणारच. मग डबी फ्रिजमध्ये. उजेडापासून जपून ४ अंशांवर ठेवलेला नमुना ४८ तासांपर्यंत चालतो, उणे २० वर गोठवला तर किमान महिनाभर. नमुना बाहेरगावच्या मोठ्या लॅबला जाणार असेल तर बर्फाच्या पॅकसह थर्मोकोलच्या डब्यात द्यावा. मे महिन्यात इंदूरचा पारा चाळीशी ओलांडतो. तेव्हा कलेक्शन सेंटरच्या काउंटरवर दुपारभर पडलेली डबी तपासण्यात अर्थ नाही. शुक्रवारी संध्याकाळी घेतलेला नमुना सोमवारी निघणार असेल तर तो गोठवूनच ठेवायला सांगा.

फॉर्मवर काय लिहिता यावर सगळं अवलंबून आहे. ‘पोर्फिरिन्स’ किंवा ‘पोर्फिरिया स्क्रीन’ एवढंच लिहिलं तर लॅब एकूण पोर्फिरिन मोजून पाठवते. ते यकृताच्या दुखण्यात, दारूने, शिशाने, अगदी साध्या आजारपणातही थोडं वाढतं आणि दोन्हीकडून दिशाभूल करतं: कुणावर नसलेल्या पोर्फिरियाचा शिक्का बसतो, कुणाचा असलेला निसटतो. स्पष्ट लिहा: एकदाच्या लघवीतलं पीबीजी, एएलए आणि क्रिएटिनिन, प्रमाण क्रिएटिनिनच्या तुलनेत. क्रिएटिनिन हवंच, कारण चार सलाईन चढल्यानंतरची पाण्यासारखी पातळ लघवी पीबीजीला खोटंच कमी दाखवते. क्रिएटिनिन लिटरला २ मिलिमोलपेक्षा कमी निघालं तर नमुना बाद धरून सकाळची पहिली लघवी पुन्हा पाठवावी.

लॅबचा रिपोर्ट यायला दिवस लागणार असतील तर मेडिकल कॉलेजच्या बायोकेमिस्ट्री विभागात होश टेस्ट करता येते. सहा मोलर हायड्रोक्लोरिक ॲसिडच्या १०० मिलिलिटरमध्ये २ ग्रॅम पॅरा-डायमिथाइल-अमायनो-बेन्झाल्डिहाइड विरघळवायचं. त्यातलं २ मिलिलिटर परीक्षानळीत घेऊन वर लघवीचे दोन थेंब सोडायचे. पीबीजी भरपूर असेल तर थेंब पडतो तिथेच, त्या क्षणी, चेरीसारखा गडद लाल रंग उमटतो आणि नळी हलवली की खालपर्यंत पसरतो. पाच मिनिटांनी आलेला फिकट गुलाबी रंग धरू नये. मिथाइलडोपा आणि लघवीची जळजळ थांबवणारं फेनाझोपायरिडिन यांनी खोटा लाल रंग येऊ शकतो, म्हणून ती चालू आहेत का विचारून घ्यावं. जुनी वॉटसन-श्वार्ट्झ पद्धतही याच रसायनावर चालते, पण तिच्यात युरोबिलिनोजेनही लाल होतं आणि ते वेगळं काढायला क्लोरोफॉर्म व ब्युटेनॉलच्या पायऱ्या लागतात. घाईत कोणीतरी त्या गाळतं, म्हणून होश बरी. दोन्ही चाचण्या ‘आहे की नाही’ एवढंच सांगतात. पीबीजी थोडंच वाढलेलं असेल तर त्या चुकतात. त्यामुळे लाल रंग आला तरी, न आला तरी तोच नमुना मोजणीसाठी पाठवायचाच.

रिपोर्ट वाचताना

पीबीजीची वरची मर्यादा बहुतेक लॅबमध्ये दर मिलिमोल क्रिएटिनिनमागे दीड मायक्रोमोलच्या आसपास असते. खऱ्या झटक्यात आकडा सहसा तिच्या दहापट किंवा त्याहून वर जातो. दुप्पट आला तर घाईने निष्कर्ष काढू नका, पुन्हा पाठवा.

दुखणं भरात असताना, हेमिन दिलेलं नसताना, नीट जपलेल्या नमुन्यात पीबीजी नॉर्मल आलं तर ते दुखणं या आजाराचं नाही. हा निकाल तितकाच कामाचा आहे. त्याने पुढची वणवण वाचते आणि डॉक्टरांना दुसरं कारण शोधता येतं. पण नमुना दुखणं थांबल्यावर काही आठवड्यांनी घेतला असेल तर नॉर्मल रिपोर्टवर एवढी भिस्त ठेवू नये.

एएलए खूप वाढलेलं आणि पीबीजी नॉर्मल असेल तर आधी शिसं. पोटदुखी, बद्धकोष्ठ, लुळं मनगट हे सगळं शिसंही हुबेहूब करतं. बॅटरीच्या भंगाराचं काम, रंग खरवडण्याचं काम आणि घरात चालू असलेली रसौषधी किंवा भस्मं यांची चौकशी करून रक्तातलं शिसं मोजावं.

आधीच निदान झालेल्या रुग्णात गुंता वेगळा असतो. या आजारात झटका ओसरल्यावरही पीबीजी महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं चढंच राहतं. त्यामुळे अशी व्यक्ती पोट दुखतं म्हणून आली आणि पीबीजी वाढलेलं दिसलं, तर दुखणं पोर्फिरियाचंच असं ठरत नाही. तिलाही अपेंडिक्स होऊ शकतं. बरं असताना एकदा पीबीजी मोजून तो आकडा फाइलमध्ये लिहून ठेवला असेल तर तुलना करता येते. हा आकडा फार थोड्या फाइलींत सापडतो.

पीबीजी नक्की वाढलेलं ठरलं की कोणता पोर्फिरिया हे पाहायचं. व्हेरिगेट आणि हेरेडिटरी कोप्रो या प्रकारांतही असाच झटका येतो. रक्तद्रवाच्या फ्लुरोसन्स तपासणीत ६२६ ते ६२८ नॅनोमीटरवर शिखर आलं तर व्हेरिगेट. शौचातलं कोप्रोपोर्फिरिन खूप वाढलेलं असेल तर कोप्रो. हे दोन्ही नसेल तर इंटरमिटंट. मात्र पहिल्या रात्रीचे उपचार तिन्हींत सारखेच, त्यामुळे या तपासण्यांसाठी कुणी खोळंबून राहू नये.

रिपोर्ट यायच्या आधी

संशय पक्का असेल तर या आजारात सुरक्षित नसलेली औषधं बंद करा आणि ग्लुकोज सुरू करा. दिवसाला ३०० ग्रॅम म्हणजे १० टक्के डेक्स्ट्रोजच्या ५०० मिलिलिटरच्या सहा बाटल्या. साध्या पाच टक्के डीएनएसच्या (डेक्स्ट्रोज आणि मीठ असलेल्या सलाईनच्या) तेवढ्याच एका बाटलीत २५ ग्रॅमच असतं. ‘सलाईन लावलंय’ म्हणून समाधान मानू नये, हिशेब करावा. पण सोडियम आधीच उतरलेलं असतं, आणि मिठाशिवायचं डेक्स्ट्रोज भराभर चढवलं तर ते आणखी घसरून फिट येते. म्हणून सोबत मीठ जाईल अशी व्यवस्था हवी आणि सोडियम दर सहा तासांनी बघावं. वर चढवतानाही २४ तासांत ८ ते १० मिलिमोलच्या पुढे जाऊ नये.

दुखण्याला पॅरासिटामॉल पुरत नाही. मॉर्फिन या आजारात सुरक्षित आहे आणि ते पुरेशा मात्रेत द्यावं. रुग्ण कण्हत असताना ‘सवय लागेल’ म्हणून हात आखडणं अन्यायाचं आहे. उलट्यांना ऑन्डान्सेट्रॉन, फिटला लोराझेपाम आणि पुढे लेव्हेटिरासिटाम, धडधडीला प्रोप्रॅनोलॉल. प्रतिजैविक लागलंच तर पेनिसिलिन किंवा सेफॅलोस्पोरिन. प्रत्येक औषध अमेरिकन पोर्फिरिया फाउंडेशनच्या किंवा नॉर्वेतल्या पोर्फिरिया केंद्राच्या यादीत पाहून द्यावं. दोन्ही याद्या फोनवर बघता येतात.

झटका तीव्र असेल, सोडियम खाली असेल किंवा अशक्तपणा दिसू लागला असेल तर हेमिन: वजनाच्या किलोमागे ३ ते ४ मिलिग्रॅम, दिवसातून एकदा, चार दिवस, मोठ्या शिरेतून. ते आपल्याकडे कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मिळत नाही, मागवण्यात वेळ जातो. म्हणून पीबीजीचा रिपोर्ट हाती येताच चौकशी सुरू करावी, हात लुळे पडण्याची वाट पाहू नये.

अशक्तपणा घेऊन आलेल्या रुग्णाला बरेचदा गियाँ-बारे (शरीराची प्रतिकारशक्तीच मज्जातंतूंवर उलटते तो आजार) समजून इम्युनोग्लोब्युलिन सुरू होतं. फरक इतिहासात सापडतो: अशक्तपणाच्या आधी पोट दुखलं होतं का, झोप उडाली होती का, मन बिघडलं होतं का. पाठीच्या पाण्यातलं प्रथिन इथे नॉर्मल किंवा जरासंच वाढलेलं असतं, आणि नर्व्ह कंडक्शनमध्ये बिघाड तंतूंच्या गाभ्याचा दिसतो. दोन्हींत गोंधळ असेल तर लघवीची डबी पाठवण्यात काहीच तोटा नाही.

घरातले बाकीचे

निदान एका व्यक्तीचं होतं, पण फाइल घराची असते. दोष तिसऱ्या पायरीचं एन्झाइम बनवणाऱ्या एचएमबीएस या जनुकात असतो, आणि आई-वडील, भावंडं, मुलं यांपैकी प्रत्येकात तो असण्याची शक्यता निम्मी. आधी रुग्णाच्या रक्तातून दोष नेमका कुठे आहे ते शोधायचं, मग नातेवाइकांत फक्त तेवढाच तपासायचा. हे स्वस्तही पडतं आणि निकाल स्वच्छ येतो. तांबड्या पेशींतलं एन्झाइम मोजणं हा पर्याय आहे, पण सुमारे ५ टक्के घराण्यांत ते नॉर्मल येतं, शिवाय निरोगी आणि बाधित यांचे आकडे एकमेकांत मिसळतात. ते एकट्याने कधीच प्रमाण मानू नये.

दोष सापडला म्हणजे झटका येणारच असं नाही. बहुतेकांना जन्मात एकदाही येत नाही. मुलीच्या लग्नाची बोलणी चालू असताना हा रिपोर्ट लपवण्याचा मोह होतो. पण तिच्या भावी डॉक्टरांना, भूलतज्ज्ञाला आणि बाळंतपणात दाईला हे माहीत असणं तिच्या जिवाचं आहे. दोष असलेल्या प्रत्येकाने एक कार्ड जवळ ठेवावं. त्यावर आजाराचं पूर्ण नाव, टाळायची औषधं, ‘दुखणं आलं तर हेमिनच्या आधी लघवीतलं पीबीजी’ ही सूचना आणि बरं असतानाचा पीबीजीचा आकडा. कार्ड इंग्रजीत आणि हिंदीत लिहावं. रात्री दोन वाजता ते वाचणाऱ्याला मराठी येत असेलच असं इंदूरमध्ये धरून चालता येत नाही.

निर्जळी उपास त्यांनी सोडावेत, पाळी ढकलायची गोळी घेऊ नये, सकाळचे पोहे चुकवू नयेत. वर्षातून एकदा रक्तदाब आणि क्रिएटिनिन, कारण हा आजार मूत्रपिंडालाही हळूहळू झिजवतो. पन्नाशीनंतर दर सहा महिन्यांनी यकृताची सोनोग्राफी: या रुग्णांत यकृताच्या कर्करोगाचा धोका वाढलेला असतो, आणि तो सिरॉसिस नसतानाही होतो.